संगणकातली तारीख आणि गिरणगावचा रविवार



चिंचपोकळीतली ही व्याख्यानमाला गिरणी कामगारांच्या स्मरणार्थ चालते. संयोजकांनी मला संगणकाबद्दल बोलायला सांगितलं, तेव्हा या दोन गोष्टी जिथे खरोखर एकमेकींना भेटतात अशी जागा मी शोधली. ती जागा म्हणजे प्रत्येक संगणकात आणि मोबाइलमध्ये असलेलं सेटिंगचं एक पान. विंडोज असो, अँड्रॉइड असो की लिनक्स, 'तारीख, वेळ आणि प्रदेश' अशा काहीशा नावाखाली ते सापडतं. देश कुठला, भाषा कुठली, दिवस आधी की महिना आधी, घड्याळ बारा तासांचं की चोवीस तासांचं, आठवडा कुठल्या वारी सुरू होतो, हे सगळं तिथे ठरतं. यंत्र विकत घेतल्यापासून मोडीत जाईपर्यंत बहुतेक लोक हे पान एकदाही उघडत नाहीत. ते उघडावं, एवढ्यासाठी मी आज उभा आहे. कारण त्यावरची प्रत्येक ओळ कुणीतरी मागून, मत देऊन किंवा भांडून ठरवलेली आहे, आणि त्यातली काही भांडणं आपण बसलो आहोत त्याच्या आसपास झाली.

भारताबद्दल संगणकाला जे 'माहीत' असतं, ते येतं कुठून? अँड्रॉइड, ॲपलच्या प्रणाली, आपले ब्राउझर हे सगळे एका सामायिक भांडारातून माहिती घेतात. त्याचं नाव कॉमन लोकेल डेटा रिपॉझिटरी, म्हणजेच सीएलडीआर. २००४ पासून युनिकोड कन्सॉर्टियम ते सांभाळतं. शेकडो भाषांतली महिन्यांची आणि वारांची नावं, तारखेचे साचे, आकड्यांची वळणं त्यात नोंदलेली आहेत. देशवार नोंदीही आहेत. आठवडी सुट्टी कधी सुरू होते आणि कधी संपते, याची त्यातली सर्वसाधारण नोंद शनिवार ते रविवार अशी आहे. भारतासमोर मात्र वेगळी नोंद आहे: सुरुवात रविवार, शेवट रविवार. सुट्टी एकाच वाराची.

ही नोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण आली. लोखंडे १८४८ साली ठाण्यात जन्मले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे, गिरणीत नोकरी केलेले, आणि 'दीनबंधु' पत्र मुंबईतून चालवणारे. त्या काळी गिरणीत आठवड्याची ठरावीक सुट्टी नव्हती. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत त्यांनी कामगारांची सभा घेतली. फॅक्टरी कमिशनला द्यायचा अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्यांत पहिली होती रविवारची सुट्टी. त्याच साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली. मालकांनी लगेच काही दिलं नाही. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. सात वर्षांनी, प्लेगच्या साथीत, लोखंडे गेले. पुढे २००५ साली त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं.

सीएलडीआरमधली ती ओळ लिहिणाऱ्याला लोखंडे माहीत असतील असं मी म्हणत नाही. त्यानं फक्त भारतात आज काय चालतं ते नोंदवलं. पण जे चालतं ते आपोआप चालू झालेलं नाही. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये रविवार वेगळ्या रंगात दिसतो, त्याच्या मागे सुपारीबागेतले ते साडेपाच हजार सह्या-अंगठे आहेत असं मी मानतो, आणि हे शाळेच्या पुस्तकात असायला हवं असंही मानतो.

आता तारखेच्या क्रमाकडे येतो. आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो. अमेरिका महिना-दिवस-वर्ष लिहिते. पुष्कळ यंत्रं आणि तक्त्यांचे प्रोग्राम बसवताना 'इंग्रजी, अमेरिका' हाच पर्याय लागलेला असतो आणि कुणी तो बदलत नाही. फरक किती पडतो? बारा महिन्यांच्या पहिल्या बारा-बारा तारखा धरल्या तर १४४ होतात. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा बारा तारखा दोन्ही क्रमांनी सारख्याच वाचल्या जातात. उरलेल्या १३२ तारखा उलटसुलट होऊ शकतात, म्हणजे वर्षातला एक तृतीयांशाहून जास्त भाग.

गिरणगावात याचा अर्थ काय होतो ते नीट पाहू. आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या पिढीत कागदावरची जन्मतारीख १ जून असलेले असंख्य लोक आहेत. जन्माची नोंद नसायची, शाळेत घालताना गुरुजी जूनची पहिली तारीख लावून टाकत. ही तारीख कारकुनानं ०१/०६/१९५० अशी टंकली आणि यंत्र अमेरिकी क्रमावर असलं, तर यंत्राच्या लेखी त्या माणसाचा जन्म ६ जानेवारीला झाला. यंत्र कुरकुरत नाही, तांबडी रेघ ओढत नाही. तक्त्यात ती रीतसर तारीख म्हणूनच बसते. मग एका यादीत १ जून, दुसऱ्या यादीत ६ जानेवारी. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, पण तारीख जुळत नाही म्हणून अर्ज मागे. गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीसाठी गिरणीचा पास, हजेरी कार्ड, ईएसआयसीचं कार्ड, फंडाची पावती असे कागद घेऊन जे कार्यालयांचे जिने चढले, त्यांना तारीख न जुळणं म्हणजे काय हे मी सांगायला नको.

तेरा तारखेपासून पुढे वेगळाच प्रकार होतो. १८/०१/१९८२, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तो दिवस. अमेरिकी क्रमावरच्या यंत्राला अठरावा महिना सापडत नाही, म्हणून ते या नोंदीला तारीख मानतच नाही. साधा मजकूर म्हणून सोडून देतं. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण ती डोळ्यांना दिसते. एक्सेलमध्ये तारीख रकान्याच्या उजव्या कडेला जाऊन बसते, मजकूर डाव्या कडेला. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर समजा की उजवीकडच्यांतल्या बऱ्याच उलटलेल्या आहेत. आपल्या भागात कार्यकर्ते म्हणून याद्या हाताळणाऱ्या मुलामुलींनी एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ लोकांच्या फेऱ्या वाचतील. घरांच्या पात्रतेसाठी धरलेली १ जानेवारी १९८२ ही तारीख मात्र दोन्ही क्रमांनी एकच वाचली जाते. तिच्याभोवतीच्या बाकीच्या तारखांना हे संरक्षण नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. संगणक तारीख साठवतो एका रीतीनं आणि दाखवतो दुसऱ्या रीतीनं. युनिक्स घराण्यातल्या प्रणाली, म्हणजे लिनक्स, अँड्रॉइड वगैरे, वेळ साठवतात ती १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले या एका आकड्यानं. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, पहिल्या पाळीचा भोंगाही व्हायचा होता. म्हणूनच नोंद रिकामी राहिली की भारतातल्या यंत्रावर कधी कधी '०१-०१-१९७०, ५.३०' अशी तारीख उगवते. त्या आकड्याला ना देश, ना भाषा, ना महिन्याचं नाव. पडद्यावर दाखवताना प्रणाली त्यावर आपण निवडलेल्या प्रदेशाचा साचा चढवते. चिंचपोकळीत तो आकडा '२ मार्च' म्हणून दिसेल, शिकागोत कदाचित '१ मार्च' म्हणून, आणि दोन्ही बरोबर. घोटाळा होतो तो माणूस तारीख टंकतो तेव्हा, कारण त्या क्षणी यंत्राला साचा उलट लावून आकडा काढायचा असतो आणि साचा चुकीचा असतो.

मध्यरात्रीला दिवस बदलतो हाही एक साचाच आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. तिसऱ्या पाळीचा कामगार रात्री बाराला खात्यात शिरायचा आणि सकाळी सातला बाहेर पडायचा. त्याच्या बोलण्यात ती 'कालची रात्रपाळी' असायची, घड्याळ काहीही म्हणो. संगणकात मात्र मध्यरात्रीनंतर पाव मिनिट झालं की तारीख पुढची.

घड्याळाचा विषय निघाला आहे, तर मुंबई टाइमबद्दल सविस्तर बोललं पाहिजे. मुंबई साधारण ७२ अंश ५० कलांच्या रेखांशावर आहे. सूर्याच्या हिशेबानं आपली वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे येते; हाच मुंबई टाइम. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरलेली, ५ तास ३० मिनिटं पुढे. फरक ३९ मिनिटांचा. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, तो मुंबईच्या ३० मिनिटं पुढे होता. १८८१ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास टाइम लादायचा प्रयत्न केला. शहर बिथरलं, राजाबाई टॉवरच्या घड्याळावरून विद्यापीठ आणि सरकार यांच्यात वाद झाला, आणि १८८३ साली सरकारला माघार घ्यावी लागली. मग १९०५ च्या जुलैत रेल्वेनं नवी प्रमाणवेळ घेतली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सर्वत्र लागू करायचं ठरलं.

त्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात गिरण्यांतले हजारो कामगार चिडले. त्यांनी माग चालवायला नकार दिला, गिरण्यांवर दगड पडले. काही इतिहासकार याला जुन्या सवयींचा हट्ट म्हणतील. मला ते पटत नाही. गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच आले होते आणि दिव्यांच्या उजेडात कामाचे तास वाढत चालले होते. ज्याचा दिवस आधीच लांबवला आहे त्याला 'उद्यापासून घड्याळ ३९ मिनिटं पुढे' असं सांगितलं, तर तो त्यात नवी लूट पाहणारच. शहरात पंधरा हजारांहून जास्त सह्यांचे अर्ज झाले. महापालिकेत फिरोजशहा मेहतांनी मुद्दा मांडला की लोकांना विश्वासात न घेता त्यांची वेळ बदलता येत नाही. मुंबई टाइम त्यानंतर जवळजवळ अर्धं शतक टिकला, १९५५ पर्यंत. त्या काळात मुंबईत कुणाला भेटायची वेळ द्यायची, तर 'मुंबई टाइम की स्टँडर्ड?' हे आधी विचारावं लागे.

आज संगणकाला यातलं काय ठाऊक आहे? जगभरच्या घड्याळांचा इतिहास टाइम झोन डेटाबेस नावाच्या संग्रहात आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला आणि आता पॉल एगर्ट त्याची देखभाल करतात. लिनक्स, अँड्रॉइड, ॲपल यांचा वेळेचा हिशेब त्यावर चालतो. संग्रहाचा नियम असा: १९७० पासून ज्या भागातली घड्याळं सारखी चालली, त्या भागाचा एकच विभाग, आणि त्याला तिथल्या सर्वांत मोठ्या शहराचं नाव. नाव ठरवताना कलकत्ता निवडलं गेलं, म्हणून आपण सगळे 'आशिया/कोलकाता' या विभागात आहोत. २००८ पर्यंत त्याचंही जुनं रूप, 'कॅलकटा', होतं. नावाबद्दल माझी तक्रार नाही. कुठलं तरी एक नाव ठेवावं लागणारच. माझी काळजी वेगळी आहे. या विभागात १८७० ते १९०५ साठी मद्रास टाइम आहे आणि १९०६ पासून प्रमाणवेळ. मुंबई टाइम कुठेच नाही. समजा, १९२० साली चिंचपोकळीतल्या एखाद्या मुलाची जन्मवेळ घरच्या घड्याळावरून, मुंबई टाइमप्रमाणे, लिहून ठेवली आहे आणि आज ती संगणकात घातली. यंत्र ती ३९ मिनिटांनी चुकवेल आणि चूक झाली असं सांगणारही नाही. कुंडली मांडणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते हातानं दुरुस्ती करतात. इतिहास लिहिणारे पुष्कळदा करत नाहीत.

त्याच संग्रहात एक नोंद अचूक आहे ती युद्धकाळाची. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे होती, म्हणजे ग्रीनिचपेक्षा साडेसहा तास. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्याचे हादरे या वस्तीपर्यंत आले. ती वेळ जगाच्या वेळेत बदलायची तर हा युद्धाचा तास ठाऊक असावा लागतो. संगणकाला तो ठाऊक आहे. मग अर्धं शतक चाललेला मुंबई टाइम तरी का नसावा? नियमात बसत नाही हे उत्तर मला कळतं, पण निदान आपल्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी आपल्यापुरता तो तक्ता ठेवावा.

सगळं काही इतकं खटकणारं नाही. मराठीपुरतं पाहिलं तर सीएलडीआरमधलं काम मनापासून केलेलं दिसतं. मोबाइल मराठीत लावला की तारीख आणि वेळ जोडताना 'रोजी' आणि 'वाजता' येतात. इंग्रजी साच्यात नुसते मराठी शब्द भरले असते तर हे दोन शब्द कधीच आले नसते. महिन्यांची लघुरूपं 'जाने', 'फेब्रु', 'सप्टें', 'नोव्हें' अशी आपण खरंच लिहितो तशीच आहेत. दिवसाच्या भागांत 'पहाट' आणि 'सकाळ' वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि पहिल्या पाळीला निघणाऱ्या माणसाला त्यातला फरक कुणी सांगायला नको. मराठीसाठी मूळ आकडेही देवनागरी ठेवले आहेत. हिंदीसाठी तिथे १-२-३ ऐवजी 1-2-3 हे आंतरराष्ट्रीय आकडे मूळ धरले आहेत. बेस्टच्या बसच्या कपाळावर आपण ज्या आकड्यांत क्रमांक वाचतो त्याच आकड्यांत मोबाइल तारीख दाखवतो, याचा मला अभिमान वाटतो. या नोंदी कायमच्या नाहीत. ठरावीक काळानं त्या तपासायला खुल्या होतात, भाषा जाणणारे लोक मत देतात, आणि मतं पडतील तसं ठरतं. मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी, मुद्रितशोधकांनी, विद्यार्थ्यांनी तिथे असायला हवं. दहा जणांच्या उपस्थितीनंही तिथे फरक पडतो.

एका बाबतीत मात्र यंत्र अजून आपल्यापासून दूर आहे. प्रणालीच्या सेटिंगमध्ये 'भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका' हा पर्याय काही ठिकाणी सापडतो. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं ती घडवली आणि २२ मार्च १९५७ पासून ती अमलात आली. ती सूर्यावर चालते, चंद्रावर नाही. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रावर दोन्ही तारखा छापतात. उदाहरणार्थ, ५ ऑगस्ट २०२१ म्हणजे श्रावण १४, शके १९४३. पण त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात आषाढ वद्य द्वादशी होती, दीप अमावास्या यायची होती, आणि श्रावण पाळणाऱ्या एकाही मराठी घरात श्रावण लागला नव्हता. तेव्हा हा पर्याय निवडून कुणी भाद्रपद शुद्ध चतुर्थी शोधायला गेला तर फसेल. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढलं आणि एकाच चौकोनात इंग्रजी तारीख, तिथी, नक्षत्र, सण यांची मांडणी करून दाखवली. संकष्टीला वेगवेगळ्या गावांच्या चंद्रोदयाच्या वेळाही छापल्या जातात, कारण नागपूरचं आकाश मुंबईच्या पंचवीस मिनिटं पुढे असतं. प्रदेशाप्रमाणे तारीख-वेळ दाखवण्याचा इतका नेटका नमुना मी कुठल्याही प्रणालीत पाहिलेला नाही. या चिंचपोकळीत १९२० पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालतो आणि त्याची पुढच्या वर्षीची तारीख अजूनही आधी भिंतीवर पाहिली जाते, मग मोबाइलमध्ये टाकली जाते.

शेवटी एक कामाची गोष्ट. या भागात घरोघरी गिरणीचे कागद आहेत, आणि मुलं-नातवंडं त्यांचे फोटो काढून याद्या करू लागली आहेत. त्यांना माझी विनंती आहे की तक्त्यात तारखेसाठी एकाऐवजी तीन रकाने करा. पहिल्यात कागदावर जशी आहे तशीच तारीख लिहा, तिरकी रेघ असेल तर तिरकी रेघ, 'माहे जून' असेल तर 'माहे जून'. हा रकाना मजकूर म्हणूनच ठेवा, यंत्राला त्याची तारीख करू देऊ नका. दुसऱ्यात तीच तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमानं लिहा, १९८२-०१-१८ अशी. या क्रमात उलटापालट होत नाही आणि यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. आपलं शासनही प्रत्येक शासन निर्णयाच्या सांकेतांकाचे पहिले आठ आकडे याच क्रमानं लिहितं. तिसऱ्या रकान्यात, कागदावर वेळ असेल तर ती कुठल्या घड्याळाची ते नोंदवा: मुंबई टाइम, स्टँडर्ड, की युद्धकाळची. आणि तारीख किंवा घड्याळ कळत नसेल तर रकाना कोरा सोडू नका, 'ठाऊक नाही' असं अक्षरांत लिहा. कोरा रकाना पुढे कुठल्यातरी प्रणालीत १ जानेवारी १९७० होऊन बसतो, आणि मग ती तारीख खरी होती की नव्हती हे सांगायला कागद वाचलेला माणूस जवळ असेलच असं नाही.